नजरेत चव्वेचाळीस

मुलीने धनुष्य टाकलं आणि ढाल उचलली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेल्या आईने ते पडद्यावर पाहिलं.

भिंतीपलीकडे, आपल्या खोलीत, अकरा वर्षांची लेक खेळत होती. भिंतीच्या अलीकडे आई त्याच खेळात, त्याच गटात, ‘पाहुणी’ हे नाव घेऊन नऊ दिवस वावरत होती. लेकीला याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. कुणी विचारलंच, तर आई पाठ्यपुस्तकाची प्रुफं तपासत होती. प्रुफं खरोखरच शेजारी होती, तिसऱ्या पानावर अडकलेली.

खेळात शिरायचं तर आधी आपलं पात्र घडवावं लागतं. पन्नास पॉइंट मिळतात. ते ताकद, चपळाई, जीव आणि नजर अशा चार खान्यांत वाटायचे. आईने फार विचार केला नव्हता. चव्वेचाळीस नजरेत टाकले, उरलेले सहा जिवात. त्यामुळे धुक्यातला शत्रू सगळ्यांच्या आधी तिला दिसायचा. दिसल्यावर त्याचं करायचं काय, ते मात्र तिच्या हातात नव्हतं. तिला मारता येत नव्हतं, की पळता येत नव्हतं. प्रत्येक लढाईच्या तोंडावर ती एकच शब्द लिहायची. “सांभाळून.”

“असलं पात्र कोण बनवतं?” पहिल्याच दिवशी गटातल्या एकाने लिहिलं होतं. “नुसते डोळे! बाकी सगळा आनंद.”

“असू दे रे,” लेकीने उत्तर दिलं होतं. “येईल कामाला.”

लेकीचं तिथलं नाव वावटळ. जवळजवळ सगळे पॉइंट चपळाईत. दहा महिने खपून तिने ही वावटळ घडवली होती. घरात चालता चालता दाराला खांदा आपटणारी ही मुलगी तिथे दगडांवरून उड्या मारत जायची आणि पळता पळता मागे वळून अचूक बाण सोडायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आई आपण कशासाठी आलोय तेच विसरली. मग तिला नादच लागला. प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने तक्ते काढले. कुणाचा घाव केवढा, कोण किती सोसतो, जखमा बऱ्या करणारीला मध्ये का ठेवतात.

आणि आता ढाल. ढाल घ्यायची म्हणजे एका जागी रोवून उभं राहायचं आणि येईल तो घाव झेलायचा. त्यात पॉइंट काही उगाच हलवता येत नाहीत. त्यासाठी एक पांढरा खडा लागतो आणि तो महिनोन्‌महिने खेळल्यावर एखादा हाती येतो. लेकीने तिचा एकुलता एक खडा स्पर्धेसाठी जपून ठेवला होता. तो आज तिने खर्ची घातला. चपळाई उपसून काढली आणि जिवात ओतली.

हे तिला कुणीतरी करायला लावलं होतं. कुणी, तेही आईला ठाऊक होतं. गटात ‘बडेकाका’ नावाचा एक जण होता. इकडे ये, तिथे थांब, मी सांगतो तेवढं कर. सगळी पोरं त्याचं ऐकायची. हा कोण, केवढा, कुठला? हे शोधायलाच तर ती इथे शिरली होती. तो पोरांना नादी लावणारा कुणी मोठा माणूस असल्याची खात्री झाली, तर आजच खेळ बंद, कायमचा, मग लेक कितीही रडो.

तिने सरळ विचारलं. “वावटळला ढाल घ्यायला कुणी सांगितलं?”

“मी नाही हां!” बडेकाकाचं उत्तर लगेच आलं. “मी तर अर्धा तास भांडलो तिच्याशी. असा नेम परत कुठून आणायचा? आणि आवरा लवकर, साडेसहाला माझी आई वायफाय बंद करते.”

आईने ती ओळ दोनदा वाचली. नऊ दिवस छातीवर बसलेला माणूस साडेसहाला आईला घाबरत होता. तिला हसू आलं. पण मग कोण?

“मग तिने का घेतली?”

“तुझ्यामुळे! गटाचा तोल नको सांभाळायला? एकाने सगळं एकाच खान्यात ओतलं की दुसऱ्या कुणालातरी ते भरून काढावं लागतं. तुला दिसतं सगळं, पण पळता येत नाही. गेल्या चार लढायांत चारदा मेलीस. वावटळ म्हणाली, हिच्यापुढे कुणीतरी उभं राहायला हवं.”

दहा महिन्यांची वावटळ.

तिने लिहिलं, “मग मला गटातून काढून टाका.”

पडद्यावर वावटळ ‘पाहुणी’कडे पाठ करून उभी होती. हातातली ढाल तिच्याहून मोठी होती. पाय रोवलेले होते.

उजवीकडचं धुकं हललं. एक, दोन, पाच. बाकी कुणालाच अजून काही दिसलं नव्हतं. आई घाईघाईने लिहू लागली, “सांभा”

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

“आई, टाइप करत बसू नकोस गं! कुठून येतायत तेवढं ओरडून सांग. पुढे मी आहे.”