बसलीच आहेस तर

गाठ पुन्हा आरपार गेली.

सुईभोवती दोरा दोनदा गुंडाळायचा, बोटाने दाबून धरायचा आणि सुई जिथून वर आली त्याच्या अगदी शेजारी परत खाली घालायची. म्हणजे कापडावर मोहरीएवढी गाठ बसते. अशा गाठी दाटीवाटीने बसल्या की कोकराची लोकर होते. होत असेल कुणाची तरी. तिची गाठ कापडावर टेकायची आणि दोरा ओढला की मागच्या बाजूला निघून जायची. दुपट्याच्या कोपऱ्यात तीन कोकरं होती. दोन केसाळ झाली होती, तिसरं अजून अर्धं टकलं होतं.

दुपटं बहिणीच्या पहिल्या मुलीसाठी भरायला घेतलं होतं. ती मुलगी आता शाळेत जाते आणि "मावशी, माझं दुपटं झालं का?" असं स्वतःच विचारते. आज पहाटे बहिणीला मुलगा झाला. दवाखान्यात संध्याकाळी भेटायला सोडतात. ह्या खेपेला रिकाम्या हाताने जायचं नाही, असं ठरवून तिने चक्क रजा टाकली होती आणि दुपारी भरतकामाची रिंग मांडीवर घेऊन ती सोफ्यावर बसली होती.

"बसलीच आहेस तर एवढे वाटाणे सोल," म्हणत सासूबाईंनी शेजारी परात ठेवली. जाता जाता कोकरांवरून बोट फिरवलं. "बाळाला टोचेल हे."

"कोपऱ्यात आहे, आई. पायाशी येईल."

"पायाला टोचेल मग."

लेक पुस्तक घेऊन आली. "आई, बसलीच आहेस तर माझी कविता म्हणून घे ना." तिने दातात दोरा धरून कविता म्हणून घेतली. मग नवरा टॉवेल खांद्यावर टाकून आला. "बसलीच आहेस तर दाराकडे लक्ष ठेव. प्लंबर येईल. मी आंघोळीला चाललोय."

"माझी छोटी कात्री कुठे आहे?"

"पार्सलची टेप कापायला घेतली होती. असेल तिथेच."

तिथेच म्हणजे कुठे, हे ह्या घरात आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने दोरा दाताने तोडला. तिला मनापासून संताप आला. नवरा टीव्हीसमोर बसला की तो दमलेला असतो. लेक मोबाईल घेऊन बसली की तिचा अभ्यास चाललेला असतो. सासूबाई बसल्या की त्यांचं वय झालेलं असतं. ती बसली की मात्र रिकामी असते. हातात सुई असली तरी.

तिने मान खाली घातली आणि गाठीमागून गाठ घालत सुटली. आणि नवल म्हणजे गाठी बसायला लागल्या. एकही आरपार जाईना. रागाने हात बसला की काय कोण जाणे. वाटाणे परातीत तसेच राहिले. टक्कल भरत आलं, कानामागची जागा भरली, शेवटची गाठ बसली. तिसरं कोकरू झालं. तिने मान वर करून आजूबाजूला पाहिलं. दाखवायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. ती उठायला गेली आणि दुपट्याबरोबर गाऊन गुडघ्यापर्यंत वर आला.

तिने रिंग उचलून खाली पाहिलं. तिसऱ्या कोकराचं आत्ता भरलेलं सगळं टक्कल तिच्या गाऊनला शिवलेलं होतं. गाठी बसत होत्या त्या ह्यामुळे. खाली गाऊनचं जाड कापड होतं, त्याने त्या धरून ठेवल्या होत्या. आता उसवायचं म्हणजे कोकरू परत अर्धं टकलं.

ती मटकन खाली बसली. रडावं की हसावं, तिला कळेना.

बेल परत वाजली. "अगं, उघड ना," नवरा न्हाणीघरातून ओरडला.

"मला उठता येत नाही."

"का?"

"मी शिवली गेलेय."

नळाचा आवाज थांबला. नवरा अंगावर पाणी तसंच घेऊन आला, त्याने प्लंबरला आत घेतलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता त्याच्यामागे गेला. लेक येऊन वाकून बघून गेली. जाताना वाटाण्याची परात घेऊन गेली. आतून भांड्यांचा आवाज आला आणि कुणीतरी चहा टाकल्याचा वास. कपाटाची दारं उघडत होती, कात्री शोधली जात होती. तिला काहीही विचारलं जात नव्हतं.

कात्री शेवटी सासूबाईंना सापडली. ती घेऊन त्या आल्या, चष्मा लावला, गाऊनची कड उचलून मागची बाजू नीट पाहिली.

"गाठी उसवू नकोस," त्या म्हणाल्या. "गाऊनच काप. अस्तर होईल."

"कापते."

तिने कात्री घेतली आणि मांडीखाली सरकवली. भेटायच्या वेळेला अजून अवकाश होता. पिशवीतला हिरवा दोरा काढून तिने सुईत ओवला. कोकरांच्या पायाखाली गवत हवं होतं. नमुन्यात ते नव्हतं. पहिला टाका तिने दुपट्यातून घेतला आणि जरा खोल नेऊन गाऊनमधूनही घेतला.

सासूबाई बघत होत्या. त्यांनी आतल्या दाराकडे एकदा वळून पाहिलं, मग तिच्या शेजारी टेकल्या.

"नुसत्या गाऊनने भागायचं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "एक टाका सोफ्याच्या कव्हरातूनही घे."