कोटावरचं भोक

वन्संना कोटावरचं भोक सापडेना.

कोट खिडकीपाशी धरून त्यांनी डाव्या खिशाखालची जागा दोनदा चाचपली. परदेशी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः तिथे खडूने खूण केली होती. राखाडी लोकर, आणि बोटाच्या पेराएवढं जळकं भोक. वहिनीला बजावलंही होतं, याला हात लावू नकोस, आल्यावर मी बघते. आता खूण नव्हती आणि भोकही नव्हतं.

"वहिनी, हा तोच कोट ना?"

"तोच की." वहिनी एका पँटची दुमड उसवत होती, तिने मान वर केली नाही. "डोळे दमलेत तुमचे प्रवासाने. आधी चहा घ्या."

दुकान दोघी नणंद-भावजयींचं. रफूचं काम वन्संचं. बटणं, चेनी, दुमडी आणि इस्त्री वहिनीची. वहिनीचं ऐकून ऐकून सगळी गल्ली त्यांना वन्संच म्हणे. शेजारचा चष्मेवाला वयाने दहा वर्षांनी मोठा, पण तोही.

दीड महिना दोन मैत्रिणींकडे राहून त्या काल परतल्या होत्या. शाळेत तिघी एका बाकावर बसायच्या. आता त्यातली एक निवृत्त नर्स आणि एक निवृत्त गाण्याची बाई, अशा दोघी तिकडे एका घरात राहत होत्या. सत्तरीला दोघी सायकल शिकल्या होत्या, आणि एक पडली की दुसरी तिला उचलायच्या आधी पोटभर हसून घेत होती. तिसरी खोली तुझी, म्हणाल्या, कायमची ये. महिनाअखेरपर्यंत कळव, नाहीतर दुसऱ्या कुणाला देऊ. वन्सं म्हणाल्या होत्या, कशी येऊ, वहिनीला रफू येत नाही, माझ्यावाचून तिचं अडेल. तिथे असताना त्यांच्या कानात सारखी इथली मशीन चालू असायची. आणि काल घरात पाऊल टाकल्यापासून कान उगाचच त्या हसण्याची वाट बघत होते. संध्याकाळी जेवताना त्यांनी हे सगळं वहिनीला सांगितलं होतं, दिलेल्या कारणासकट. वहिनीने ऐकून घेतलं आणि ताटं उचलली.

वन्संनी कोट उलटा केला आणि अस्तराची शिवण चार बोटं उसवली. रफू सुलट बाजूला कितीही लपला तरी उलट बाजूला कबुली देतो. तो तिथे होता. धागे कोटाच्याच आतल्या दुमडीतून काढलेले, एकाआड एक गुंतवलेले, कापडाच्या विणीला वीण मिळवलेली. आणि प्रत्येक वळणावर दोरा केसभर सैल सोडलेला, म्हणजे इस्त्री फिरली तरी कापड ओढलं जाऊ नये. वन्सं स्वतः दोरा ओढून घेत आणि मग वाफेने चूण बसवत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"हे तू केलंस?"

"रागावू नका. मास्तर तीनदा विचारून गेले. उद्या त्यांचा शाळेत निरोप समारंभ आहे, आणि कोट एकच. तुमचं विमान लांबलं असतं तर?"

"पण शिकलीस कधी?"

"बावीस वर्षं तुमच्या पाठीमागे बसतेय. मशीनवरून मान वर केली की तुमचाच हात दिसतो."

"बोलली नाहीस कधी."

"दोघी रफूला बसलो असतो तर बटणं काय चष्मेवाल्याने लावली असती?"

वन्संना हसू आलं. काल ताटं उचलताना ती गप्प का होती, ते त्यांनी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी अस्तर पुन्हा शिवून टाकलं.

अकराला गणिताचे मास्तर आले. कोट घालून आरशासमोर उभे राहिले, खिशाखाली बोट फिरवलं, कोट काढून उजेडात धरला आणि शेवटी हरल्यासारखे हसले.

"वन्सं, हात तो हात. तुमच्यासाठी थांबलो, त्याचं चीज झालं."

वन्सं काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "त्यांचंच काम ते. मला कुठे येतंय रफू." आणि सकाळपासून पहिल्यांदा तिने वन्संकडे नीट पाहिलं.

नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. मैत्रिणींना दिलेलं कारण खरं राहिलं असतं.

"नाही हो मास्तर," वन्सं म्हणाल्या. "माझा टाका इतका चांगला कधी पडलाच नाही. हे हिचं काम."

मास्तर ओशाळले. मग सावरून घेत म्हणाले, म्हणजे आता तुमचाही निरोप समारंभ करायचा की काय?

वहिनीची मशीन थांबली.

"छे," वन्सं म्हणाल्या. "मी तर आज शाळेत नाव घालतेय. ही दोरा सैल सोडते ना, तो कसा, ते मला येत नाही."

मास्तर कोट हातावर टाकून गेले. मशीन पुन्हा सुरू झाली. मग मशीन न थांबवताच वहिनीने विचारलं, "त्या तिसऱ्या खोलीत उजेड कसा आहे हो?"

बेताचाच आहे, असं म्हणता आलं असतं.

"फार छान आहे," वन्सं म्हणाल्या. "सकाळी पार आतल्या भिंतीपर्यंत येतो."

मग वहिनीच्या हातावरचा उजेड अडणार नाही अशा बेताने त्यांनी आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढून घेतली.