तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

सतराव्या बोल्टचं डोकं गोल झालं, पाना सटकला आणि नेलियाची बोटं चासीवर आपटली.

"छिन्नी द्या!" ती जीपनीच्या पोटाखालून ओरडली.

बाजूने एक तेलकट चिंधी आत आली.

"छिन्नी, तातय! छिन्नी!"

बापाच्या रबरी चपला तेवढ्या दिसत होत्या. सेवेरो स्टुलावर बसून आपलंच चालवत होता, "आवाज टॅपेटचा आहे म्हणून सांगितलं, तर बाईसाहेब इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवायला निघाल्या. उतरवा! रविवार आहे, कामधंदा नाही."

नेलिया सरपटत बाहेर आली, स्वतःच छिन्नी उचलली, बापाकडे एकदा जळजळीत बघितलं आणि परत आत शिरली.

मोलोच्या त्या गल्लीत सेवेरोचा कान प्रसिद्ध होता. चाळीस वर्षं त्याने इलोइलो शहरातल्या जीपन्या, म्हणजे प्रवासी नेणाऱ्या लांब जीपगाड्या, दुरुस्त केल्या. ड्रायव्हर फाटकासमोर नुसती गाडी हळू करायचे आणि हा भाताचा घास तोंडात असतानाच आतून ओरडायचा, "पंखा घासतोय! दुसऱ्या नळीत हवा आहे!" चुकला असं कुणाला आठवत नव्हतं. नेलियाचा नवरा जहाजावर गेला तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, ती जीपनी चालवत होती, आणि इंजिनाबाबत शेवटचा शब्द बापाचा असायचा.

दोन महिन्यांपूर्वी इंजिनात ठोका सुरू झाला. सेवेरोने लांब पेचकस इंजिनावर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि सांगितलं, "टॅपेट." त्याने व्हॉल्व्हवरचे टॅपेट जुळवले. ठोका गेला नाही. पुन्हा जुळवले. मग तिसऱ्यांदा. दर वेळी तो हात पुसून म्हणायचा, "झालं. आता बघ कशी गोड चालते." आणि फाटकातून बाहेर पडेपर्यंत ठोका सुरूच. काल एक म्हातारी भर रस्त्यात उतरून गेली. "फुटायच्या आधी उतरते बाई," म्हणाली. नेलियालाही तीच भीती होती. पिस्टनचा रॉड तुटला तर इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येणार, आणि मग जीपनी परसातच गंजणार.

म्हणून आज बाप चर्चमध्ये मिसाला गेल्यावर तिने इंजिन सुरू केलं आणि सिलिंडरांकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळ्या एकेक करून सैल केल्या. पहिली, दुसरी. काही फरक नाही. तिसरी सैल केली आणि ठोका एकदम विझला. नळी आवळली, परत सुरू. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या रॉडचं बेअरिंग गेलं होतं, आणि ते बघायला चेंबर उतरवणं भाग होतं. बाप परत आला तेव्हा तेल पातेल्यात गळत होतं. त्यात धातूची बारीक चकाकी होती. तिने ती बोटावर घेऊन दाखवली, तर म्हणाला, "तेल जुनं आहे."

छिन्नीने बोल्ट सुटला. पण चेंबर निघेना. पॅकिंग चिकटून बसलं होतं. सुरी घालून ते सोडवलं, तर चेंबर आडव्या दांड्यात अडकलं. मग इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट ढिले केले, लाकडाचा ठोकळा लावून जॅकने इंजिन तीन बोटं उचललं. एवढ्यात राहिलेलं तेल तिच्या मानेवरून गेलं. तिने एक शिवी हासडली. बाप त्यावरही काही बोलला नाही, एरवी शिवीवरून केवढा गदारोळ करणारा माणूस.

शेवटी चेंबर खाली आलं. तिने आत हात घातला आणि तिसरा रॉड धरून हलवला. टक्. टक्.

"या इकडे!" ती गरजली आणि बापाची चप्पल ओढली. कुरकुरत, गुडघे सांभाळत सेवेरो तिच्या शेजारी येऊन उताणा झाला. तिने रॉड पुन्हा हलवला. टक्. टक्. "ऐकलंत? आता तरी कबूल करा!"

सेवेरो वर बघत राहिला. चेहऱ्यावर काहीच नाही.

नेलियाचा संयम संपला. तिने त्याचा हात धरला, रॉडवर ठेवला आणि रॉड हलवला. त्याची बोटं दचकली. मग त्याने तिला कोपराने बाजूला सारलं. रॉडच्या कॅपचे नट त्यानेच सोडले, बेअरिंगचे झिजलेले तुकडे तळहातावर घेतले, आणि अंगठा क्रँकवरून सावकाश फिरवला. एकदा, दोनदा.

"क्रँक गुळगुळीत आहे," तो म्हणाला. "नवं बेअरिंग टाकलं की चालेल. आठवडाभर आणखी चालवली असतीस तर संपलं होतं."

"मीच तर कधीची सांगतेय!"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. एकटक, ओठांकडे.

"इंदाय, पोरी," तो हळूच म्हणाला, "गुड फ्रायडेला घंटा बंद असतात ना, तेव्हा मला काही वाटलं नाही. ईस्टर उजाडला, घंटा परत वाजायची वेळ झाली, लोक मिसाला निघाले, तरी मी आपला अंगणात घंटांची वाट बघत बसलो होतो."

वर रस्त्याने कुणाची तरी जीपनी गेली. त्याने मान वळवली नाही.

"हा ठोका," त्याने विचारलं, "वाजतो कसा गं?"