मिरकरवाड्यावरचा बर्फ

गोदाचा नवरा धाकू मुंबईत एका साहेबाकडे स्वयंपाकी होता. चौतीस साली साहेब हिमालयातलं एक शिखर चढायला निघाला, तेव्हा धाकूलाही घेऊन गेला. आज साहेबाचं पत्र आलं. शाळेच्या मास्तरांनी ते खालच्या आवाजात वाचून दाखवलं. वादळात धाकू वरच्या तंबूत एकटाच अडकला होता. सहाव्या दिवशी माणसं पोचली, तेव्हा तो गोठलेला होता.

गोदाने जन्मात बर्फाला हात लावला नव्हता. ती तशीच उठून मिरकरवाड्याच्या बंदरावर गेली. तिथे मासळीचे व्यापारी हसनभाईंकडे मासळीसाठी मुंबईच्या बोटीने बर्फ येई. तिने बर्फाच्या लादीवरचा भुसा सारला आणि दोन्ही तळवे टेकवले. बोटं लाल झाली, मग पांढरी पडली.

बातमी हसनभाईंच्याही कानावर आली होती. "हात काढ गो बाय," ते कळवळून म्हणाले. "माणूस किती वेळ तगतो, ते असं कळायचं नाय."

"त्यासाठी नाय आले मी."

ओठ दाताखाली धरून ती उभीच राहिली. बऱ्याच वेळाने तिचा चेहरा सैल झाला.



"थोड्या वेळानं दुखायचं थांबतं, हसनभाई," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला रडू फुटलं.