उशाशी टकटक

"आवाज अजिबात नको," भूषण म्हणाला. "एकदम पॅक पाहिजे, मॅडम. भिंत तर सोडाच, दाराची फटसुद्धा ठेवायची नाही."

घरांच्या आतल्या बांधकामाची कामं घेणाऱ्या अरुंधतीने भिंत ठोकून पाहिली. चार इंची वीट, तीही घाईत रचलेली. पलीकडे भूषणची आई, द्वारकाबाई, झोपत असे. सुदामानगरातलं हे घर दोन भावांत वाटलं गेलं तेव्हा मधोमध ही भिंत आली आणि आई धाकट्या पुष्करकडे गेली. घर वाटायची असली कामं अरुंधतीने पुष्कळ केली होती. घरोघरी मातीच्या चुली, त्यात नवल काय? पण जन्मदात्या आईचा आवाज नको म्हणून खोली बंद करून घेणारा मुलगा तिने पहिल्यांदा पाहिला.

"दिवाळीच्या आधी करून द्या," तो म्हणाला. "नंतर काही मतलब नाही."

तो बसूनच बोलत होता. शर्ट अंगात ढगळ झाला होता. "यांचं डायटिंग चाललंय," असं म्हणत त्याच्या बायकोने, अंबिकाने, पोह्यांची बशी फक्त अरुंधतीपुढे ठेवली. पलंगाच्या उशाशी त्याला जास्तीचे प्लग हवे होते आणि वर एक मजबूत हूक.

"हूक कशाला?"

"कॅलेंडर लावायचंय."

अरुंधतीने हूक लिहून घेतला आणि माप घ्यायला पलीकडे गेली.

द्वारकाबाई पलंगावर बसून होत्या. गुडघ्यांनी त्यांना फारसं चालू देत नव्हतं. त्यांनी आधी चहा विचारला, मग टेपकडे बघत हळूच म्हणाल्या, "माझा खोकला पण सोसवत नाही का ग त्याला?"

अरुंधतीने टेप भिंतीला लावला.

"भिंत झाली ना, तेव्हापासून सकाळी उठले की मी टकटक करायची. तोही तिकडून करायचा. म्हणजे उठलाय, बरा आहे. बोलणं नसलं तरी मला तेवढं पुरायचं. राखीपासून तेही बंद आहे. दारात गेले तर अंबिका म्हणते, झोपलेत. नाहीतर बाहेर गेलेत." त्यांनी उशाशी भिंतीवरून हात फिरवला. "तू शिकलेली मुलगी आहेस. इथे थोडी जागा ठेव ना. त्याला कळायचं नाही. त्याचा आवाज तेवढा येत राहू दे, बस."

"काकू, असं नाही करता येत," अरुंधती म्हणाली. पण घरी जाताना तेच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. पोटच्या पोराने आईला असं भिंतीत चिणावं? तिला भूषणचा मनापासून राग आला.

सांवेर रोडच्या गोदामातून माल आला. भूषणच्या बाजूने भिंतीला पत्र्याची चौकट लागली, तिच्यात आवाज अडवणारी काचेची लोकर दाबून भरली, वर जाड बोर्ड बसले. दाराला रबर लागलं. तो रोज खुर्ची टाकून काम बघत बसायचा आणि मध्येच उठून आत जाऊन पडायचा. एवढी कसली घाई झालीय याला, असं अरुंधतीला वाटायचं.

द्वारकाबाईंच्या उशाशीच भिंतीत एका जुन्या स्विचबोर्डाचं भोक होतं, आरपार. ते सिमेंटने बुजवायचं होतं. अरुंधतीने बुजवलं नाही. तिथे लोकरही भरू दिली नाही. दोन्ही बाजूंनी नुसती प्लॅस्टिकची प्लेट लावून घेतली. भूषणकडची प्लेट पलंगाच्या फळीमागे गेली. शिकून सवरून एवढी चोरी तिने आयुष्यात प्रथमच केली होती, आणि त्याबद्दल तिला काही वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी भूषण म्हणाला, "आता टेस्ट घ्या. मी इकडे गाणं लावतो. तुम्ही आईच्या उशाशी उभ्या राहा. कान लावून, हां."

ती पलीकडे गेली. प्लेटमधून गाण्याचा बारीक सूर येत होता. द्वारकाबाईंनी कान तिथे नेला आणि त्यांचा चेहरा फुलला.

फोन वाजला. "येतंय काही?"

अरुंधतीने द्वारकाबाईंकडे पाहिलं. "काही नाही, भूषणजी."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने लांब श्वास सोडला, तो फोनवरही कळला. "चला, सुटलो. आता कशाचं टेन्शन नाही."

कसा निर्लज्ज माणूस आहे, अरुंधतीच्या मनात आलं. द्वारकाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा, बेटा."

धनत्रयोदशीला दुपारी ती दाराचं रबर नीट बसलंय का, ते बघायला गेली. पुढचं दार लोटलेलं होतं. पणत्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. घरात चिटपाखरू नव्हतं, कसला आवाज नव्हता. काम चोख झालंय, असं वाटून तिला जरा बरंही वाटलं. तिने भूषणच्या खोलीचं जड दार ढकललं.

आतली किंकाळी तिच्या अंगावर आली.

भूषण पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन तळमळत होता. कॅलेंडरच्या हुकाला सलाइनची बाटली लटकली होती. अंबिकाने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"दार लावा आधी," ती म्हणाली. "आईंना ऐकू जाईल."

अरुंधतीने दार लावलं. पलंगाच्या फळीमागून टकटक येऊ लागली, आणि ती थांबेना.