रिकामी पारडी

बुद्धभूषणने मेलमध्ये साक्षीचं नाव लिहिलं आणि पाठवूनही टाकलं. बाराच्या आत चूक कुणाची ते कळवा, असं साहेबांनी बजावलं होतं. नाहीतर त्याचीच गच्छंती ठरलेली.

तीन दिवस झाले, नव्या फोनवर कंपनीच्या गेममधल्या प्रत्येक दिव्याच्या मधोमध काळा डाग पडत होता. सोनपेठच्या घरी बसून त्याने डोकं फोडून घेतलं, पण चूक काही हाती लागेना. दिव्यांचा उजेड रंगवणारा प्रोग्राम साक्षीचा. पोरगी जिंतूरची, कामाला लागून जेमतेम दोन महिने झालेले. तिने त्यात एक भलतीच ओळ घातली होती: हा अंक स्वतःएवढाच आहे का? नसेल, तर तिथे साधा उजेड भर. हिला अंकसुद्धा कळत नाहीत, असं तो ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हसून म्हणाला होता.

प्रोग्राम फोनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर मात्र त्याच्या हातचा. असले खुळे प्रश्न गाळून टाकायचा नियम त्याने गेल्याच महिन्यात त्यात घातला होता. गेम सुसाट पळायला लागले. शाबासकीही मिळाली.

दारात त्याची आई, मालनबाई, शेजारणीला मिरच्या तोलून देत होती. तिने आधी रिकामा तराजू उचलून धरला. दर गिऱ्हाइकाला ती हेच करायची. आज त्याचं टाळकं सटकलं.

"आई, रिकामं पारडं रिकाम्याएवढंच असणार की! सारखं काय बघायलीस?"

"रोज असतंयच, लेकरा. एखाद दिशी नसतंय. त्या दिशी कळावं म्हनून रोज बघायचं."

आणि एका पारड्याच्या बुडाला चिकटलेला चिखल तिने नखाने खरवडून काढला.

बुद्धभूषणला साक्षीची ओळ आठवली. शून्याला शून्याने भागलं की जे निघतं, तो अंकच नसतो. ते स्वतःएवढंही भरत नाही. दिव्याच्या मधोमध नेमका तोच भागाकार होत होता. साक्षीची ओळ तेवढं एकच पकडायला बसवलेली होती, आणि त्याच्या नियमाने तीच खाऊन टाकली होती.

तो लॅपटॉपकडे धावला. साहेबांचं उत्तर येऊन पडलं होतं: 'आजच कमी केलं तिला.' तेवढ्यात फोन वाजला. साक्षी रडत होती.

"सर, ती खुळी ओळ काढून टाकली मी. आता तरी ठेवताल ना मला?"