माणशी एक खोका

फळ्यावरची जुनी किंमत खडूनं खोडून खाली नवी लिहिली होती. त्याच्याही खाली मोठ्या अक्षरांत होतं, माणशी एकच खोका. जत्रेतल्या बाकीच्या तंबूंत बंदुका मांडून ठेवल्या होत्या, पण गर्दी या एका काडतुसांच्या तंबूला होती. रांग गवतापर्यंत आली होती.

"अडीचशे काडतुसांना एकशे पंधरा पाउंड," शशी मागून म्हणाला. "पूर्वी सत्तरला मिळायची. तिकडं लढाई चाललीय, सगळी दारू तोफांना जाते म्हणे. माणसं मारून उरली, तर आपल्याला."

"हळू बोल," मुरलीधर म्हणाला.

"इथं कुणाला मराठी कळतंय?"

दोघं ब्रिस्टलला एकाच ऑफिसात होते. कंपनीच्या डायरेक्टरनं, ग्रॅहमनं, येत्या ऑक्टोबरात दोघांना आपल्या गावी बंदुकीच्या शूटिंगला बोलावलं होतं. मुरलीधरला अकरा वर्षांत पहिल्यांदा. ग्रॅहमला काडतुसं मिळत नव्हती आणि मुरलीधर त्याला सांगून बसला होता, तुमचा खोका माझ्याकडे लागला. म्हणून आज त्याची बायको श्यामलाही रांगेत होती, पर्समध्ये स्वतःच्या नावाचं बंदुकीचं सर्टिफिकेट घेऊन. मातीच्या तबकड्या उडवायच्या, त्यात कुणाचा जीव जात नाही, म्हणून ती शिकली होती. पंचविसांतल्या सतरा फोडायची. मुरलीधर बारा.

"वहिनींचे दोन्ही नेम पक्के," शशी म्हणाला. "एक बंदुकीचा, एक चातुर्मासाचा. यंदा काय सोडलंत वहिनी? कांदा की वांगं?"

"खोटं बोलणं."

"बाप रे. वांगं सोपं होतं."

श्यामलाही हसली. मुरलीधर तिच्याकडे वाकला. "आत विचारतील, क्लेज की गेम. तू गेम म्हण."

"बरं. खेळच तर आहे."

मुरलीधर फळ्याकडे बघत राहिला.

त्याचा नंबर आला. खोका छातीशी धरून तो बाजूला झाला. मग दुकानदारानं श्यामलाचं सर्टिफिकेट पाहिलं, नाव दोनदा वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"क्लेज ऑर गेम, लव्ह?"

"गेम, प्लीज."

तो खाली वाकला आणि खोका वर आणून ठेवला. "शेवटचा. नशीबवान आहात."

खोक्यावर एक पक्षी होता. हिरवं डोकं, लांब शेपूट, गवतातून नुकता वर उठलेला.

"हा कुठला?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"फेझंट. ऑक्टोबरात मोसम सुरू. हे त्याच्यासाठीच."

"तबकड्यांसाठी नाही?"

"तबकड्यांना हे कशाला? त्या म्हणजे क्लेज. गेम म्हणजे शिकार." त्याला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी बंदूक धरल्यासारखं करून दाखवलं आणि मग बोट हळूच खाली, जमिनीकडे आणलं.

श्यामलानं वळून पाहिलं. "अहो?"

"घे ना. गाडीत बोलू."

"तुम्हाला माहीत होतं."

"श्यामला, लोक थांबलेत."

दुकानदारानं खोक्यावर हात ठेवला. "तुम्ही स्वतःच वापरणार ना? विचारावं लागतं हो. सकाळी एकानं आजीला उभं केलं होतं रांगेत. तिला खोका उचलेना."

"येस, येस," मुरलीधर बाजूनं म्हणाला. "शी इज अ व्हेरी गुड शॉट."

"मी त्यांना विचारतोय."

मागं कुणाचंतरी कुत्रं अंग झाडत होतं. पट्ट्याची साखळी वाजत होती.

"नो," श्यामला म्हणाली. इतक्या हळू, की दुकानदार पुढं झुकला. "नॉट फॉर मी."

तो रागावला नाही. खोका आपल्याकडे ओढून त्यानं सर्टिफिकेट परत दिलं आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. "नेक्स्ट."

शशीचं सर्टिफिकेट हातातच होतं.

"रागावू नका हं वहिनी," कार्ड मशीनला लावता लावता तो म्हणाला. "तुम्हाला पुण्य, मला खोका. देव दोघांचं बघतो."

परतताना मुरलीधर पुढं चालत होता. वाहनतळाच्या दोरीपाशी तो थांबला.

"पाखरं तेवढीच मरणार आहेत," तो म्हणाला. "एकही कमी नाही. हा खोका आता ग्रॅहमला द्यायचा, शब्द दिलाय मी. मग मी तिथं काय करू?"

"अरे, ये की तरी," शशी म्हणाला. "पाखरं उठवायला झाडीत काठ्या आपटणारे हाकारे लागतातच त्यांना. दिवसाचे पैसेसुद्धा देतात."

मुरलीधर हसला नाही. शशीही मग हसायचा थांबला.

श्यामलाला काहीतरी बोलायचं होतं. मला वाईट वाटतंय, असं म्हणता आलं असतं. पण ते खरं आहे का, हे तिला ठरवता येईना. म्हणून ती गप्प राहिली आणि मुरलीधरला ते वेगळंच कळलं.

तिघं शशीच्याच गाडीनं आले होते. गाडीपाशी दोघेही पुरुष खोके पोटाशी धरून उभे राहिले. शशीच्या करंगळीत किल्ली लोंबत होती. ती त्यानं श्यामलापुढे केली.

"वहिनी, डिकी तेवढी उघडता? हात अडकलेत."

दोघं तिच्याकडे पाहत होते. खोके जड होते.

श्यामलानं किल्ली घेऊन बटण दाबलं. झाकण सावकाश, आपोआप वर गेलं.